चौघांचा मसालेभात चोविसांना: प्रमाण वाढवताना आणि कमी करताना

मी घरी केलेलं पहिलं केळवण मावसबहिणीचं. वहीत मसालेभाताचं प्रमाण चार माणसांचं होतं आणि जेवायला येणार होते चोवीस. चार सक चोवीस, म्हणजे सहापट. तांदूळ सहापट, तोंडली सहापट, तेल सहापट, पाणीही सहापट. पानं वाढायची वेळ झाली तेव्हा पातेल्यात जे होतं त्याला भात म्हणणं धाडसाचं होतं. खाली लागलेला, मध्ये गिचका, आणि वर तेलाचा थर. आत्या शेजारी उभी होती. ती एवढंच म्हणाली, "चव छान झालीय गं. भातवाढी ठेव, पळी घे."

गुणाकार बरोबर होता, पण सगळ्या जिन्नसांना तो लागू होत नाही हे मला ठाऊक नव्हतं. तेव्हापासून कुठलंही प्रमाण वाढवताना किंवा कमी करताना मी प्रत्येक जिन्नसाला एकच प्रश्न विचारते: तू पदार्थाचा आहेस की भांड्याचा? तांदूळ, डाळ, भाजी, मीठ हे पदार्थाचे, माणसं वाढली की तेही तेवढ्याच पटीने वाढतात. वाफेवाटे उडून जाणारं पाणी, फोडणीपुरतं तेल, तळणीचं तेल हे भांड्याचे. माणसं सहापट झाली तरी भांड्याचं तोंड सहापट होत नाही, म्हणून हेही सहापट होत नाहीत. पुढचं सगळं या एका प्रश्नातून निघतं. उदाहरण म्हणून तोच मसालेभात घेऊ, कारण माझं सगळ्यात जास्त शिक्षण त्याच पातेल्यात झालं.

आधी वाटी मोजा

"दोन वाट्या तांदूळ" हे वाक्य चौघांच्या स्वयंपाकात चालून जातं. वाटी जरा शिगोशीग भरली तर दहा ग्रॅम इकडेतिकडे होतात, कुणाला कळत नाही. पण तीच चूक दहा वाट्यांत दहादा होते आणि पाणी मात्र तुम्ही सपाट वाटीने मोजलेलं असतं. म्हणून प्रमाण वाढवण्याआधी मूळ प्रमाण एकदा वजनात उतरवून घ्या. छोटा वजनकाटा फार महाग नसतो आणि वर्षानुवर्षं टिकतो.

माझी वाटी १५० मिलीची आहे. त्यात कोलम तांदूळ साधारण १२५ ग्रॅम बसतो. पण त्याच वाटीत रवा १०० ग्रॅमच्या आसपास भरतो आणि बेसन तर न दाबता भरलं तर ७० ग्रॅमच. त्यामुळे "एक वाटी म्हणजे इतके ग्रॅम" असं सगळ्याला एकच उत्तर नाही, जिन्नसागणिक मोजावं लागतं. (शेर, मापटं, पायलीची हीच गोष्ट. ती धान्याची मापं आकारमानाची होती, वजनाची नव्हेत. आजीच्या वहीत "पायलीची भाजणी" असेल तर थेट किलोत बदलायला जाऊ नका, डाळ आणि तांदूळ वेगवेगळे मोजून बघा.)

चमच्यांचंही बघून ठेवा. मोजणीचा लहान चमचा ५ मिली, मोठा १५ मिली, म्हणजे तीन लहान चमचे बरोबर एक मोठा. बारीक मीठ सपाट लहान चमच्यात ६ ग्रॅमच्या आसपास बसतं. फराळाच्या डब्यातला चमचा या हिशोबात धरू नका.

पट ठरवा, पण डोकी मोजून नव्हे

चोवीस भागिले चार म्हणजे सहा, हे गणित बरोबर आहे, हिशोब चुकीचा आहे. रविवारी दुपारी चौघं फक्त मसालेभात, कोशिंबीर आणि पापड खातात तेव्हा माणशी साठ-पासष्ट ग्रॅम तांदूळ लागतो. केळवणाला पानात पुऱ्या आहेत, बटाट्याची भाजी आहे, मठ्ठा आहे, श्रीखंड आहे. तिथे भात शेवटी येतो आणि अर्धी मूद घेतली जाते. अशा पानाला मी माणशी पन्नास ग्रॅम धरते. चोवीस गुणिले पन्नास म्हणजे १२०० ग्रॅम, वरचं धरून सव्वा किलो. माझ्या चौघांच्या प्रमाणात अडीचशे ग्रॅम होते. म्हणजे पट निघाली पाच, सहा नव्हे.

दोन लहान मुलं म्हणजे एक माणूस धरा. कॉलेजातली मुलं येणार असतील तर उलट करा, दोघांचे तीन धरा. रात्रीच्या जेवणाला दुपारपेक्षा भात थोडा कमी जातो, हा माझ्या घरचा अनुभव, तुमच्याकडे उलटही असेल.

पट नेहमी पूर्ण आकड्यात येते असं नाही. अडीचपट, पावणेदोनपट, पाऊणपट अशीही येते, आणि तिला घाबरायचं कारण नाही. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ करून घेत. माझ्या आजीला साडेतीनाचा पाढा, म्हणजे औटकी, शेवटपर्यंत तोंडपाठ होती आणि ती लाडवांचं प्रमाण कागदाशिवाय बदलायची. आपल्याकडे मोबाइल आहे, काम भागतं.

जे पदार्थाचं, ते सरळ पाचपट

तांदूळ २५० ग्रॅमचे सव्वा किलो. तोंडली १५० ग्रॅमची ७५० ग्रॅम. मटार अर्ध्या वाटीचे अडीच वाट्या. काजू, ओलं खोबरं, कोथिंबीर तशीच. इथे विचार करण्यासारखं काही नाही.

मिठाबद्दल मात्र बोलायला हवं, कारण "जास्त माणसांच्या स्वयंपाकात मीठ कमी घाला" असं सगळेच सांगतात आणि का ते कुणी सांगत नाही. मीठ उडून जात नाही. ते पदार्थाचंच आहे, म्हणून तयार पदार्थाच्या वजनाप्रमाणे ते वाढायलाच हवं. चौघांना दोन लहान चमचे, म्हणजे १२ ग्रॅम लागत असेल तर पाचपटीला ६० ग्रॅम लागणार. मग खारट का होतं? एक म्हणजे दहा चमचे मोजताना चारपाच शिगेचे जातात. दुसरं म्हणजे आमटी, रस्सा मोठ्या पातेल्यात कमी आटतो अशा समजाने आपण पाणीच कमी घालतो, मग मीठ तेवढंच राहून रस घट्ट होतो. काट्यावर मोजलंत तर यातली पहिली चूक होत नाही. मी साठातले पन्नास ग्रॅम आधणाच्या पाण्यात घालते आणि पाण्याची चव बघते. पाणी जिभेला जरा जास्तच खारट लागलं पाहिजे, कारण ते तांदळात शिरल्यावर उतरणार असतं. उरलेले दहा ग्रॅम हातचे राखायचे. भातात मीठ नंतर वरून भुरभुरून काही साधत नाही, म्हणून ही परीक्षा आधणातच करून मोकळं व्हावं.

पाणी: इथेच सगळं बिघडतं

माझ्या चौघांच्या प्रमाणात दोन वाट्या तांदळाला चार वाट्या पाणी. या चार वाट्यांपैकी तांदूळ सगळं पीत नाही. साधारण तीन वाट्या तो पितो आणि वाटीभर वाफ होऊन जाते. तीन वाट्या पदार्थाच्या, एक वाटी भांड्याची.

आता पाचपट करू. दहा वाट्या तांदूळ पंधरा वाट्या पाणी पिणार. वाफ मात्र पाच वाट्या होणार नाही. पातेलं मोठं घेतलं तरी त्याचं तोंड फार तर दुप्पट क्षेत्रफळाचं असतं आणि वर झाकण असतं. दोन वाट्या धरल्या. एकूण सतरा. मी त्या दिवशी सहापटीने चोवीस वाट्या घातल्या होत्या. बारा वाट्या तांदळाला वीस पुरल्या असत्या. चार वाट्या, म्हणजे अर्धा लिटरहून जास्त पाणी भातात नाहक बसलं होतं.

तुमच्या पातेल्यात किती वाफ जाते ते तुमचं तुम्हालाच शोधावं लागेल, आणि ते सोपं आहे. एखाद्या साध्या दिवशी तांदूळ-पाण्यासकट पातेलं शिजवण्याआधी काट्यावर ठेवा. भात झाला की परत ठेवा. जेवढे ग्रॅम कमी भरले तेवढे मिली पाणी उडालं. एकदा केलं की त्या पातेल्यापुरतं कायमचं कळतं. तांदूळ धुऊन निथळताना त्याच्या अंगाला थोडं पाणी राहतंच. निथळायला दर वेळी तेवढाच वेळ दिलात तर आकडे जुळतात. नवा तांदूळ असेल तर पाणी आणखी थोडं कमी.

हेच गणित उलटही चालतं. दोघांसाठी अर्धी वाटी तांदूळ लावताना लोक एक वाटी पाणी घालतात आणि भात कणीदार, कोरडा राहतो. पाऊण वाटी पाणी तांदूळ पिणार, आणि लहान पातेल्यातूनही अर्धी वाटी सहज उडते. म्हणजे सव्वा वाटी हवं.

तेल, मसाला, तिखट

फोडणीचं तेल कशासाठी असतं? मोहरी तडतडायला, हिंग-हळद फुलायला, तोंडली परतायला. म्हणजे बुडाला पुरेल एवढं. चौघांना तीन मोठे चमचे लागत असतील तर पाचपटीला पंधरा नकोत, दहा खूप झाले. भात मोकळा व्हायला वरून साजूक तूप सोडणारच आहात.

पण हा नियम प्रत्येक स्निग्ध पदार्थाला लावू नका. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा बघा. रवा, साखर, तूप सगळं सव्वाच्या मापाने, तिन्ही सारखं. तिथे तूप पदार्थाचं आहे. ते बुडासाठी नसून रव्याच्या कणाकणासाठी आहे. रवा सव्वा वाटीचा पाच वाट्या झाला तर तूपही पाच वाट्याच. त्यात हात आखडता घेतला तर प्रसाद घशाला चिकटतो. चकलीच्या भाजणीतलं मोहन तसंच, ते वजनाप्रमाणे तंतोतंत.

गोडा मसाला चौघांना दोन लहान चमचे, पाचपटीला दहा. मी आठ घालते. लवंग, दालचिनी, तमालपत्र यांना तर मी तिपटीच्या पुढे नेत नाही. मोठं पातेलं जास्त वेळ तापत राहतं, अख्खा मसाला तेवढा जास्त वेळ उतरत राहतो. मिरचीचा प्रश्न वेगळाच आहे. चौघांच्या जिभा तुम्हाला ठाऊक असतात, चोविसांच्या नसतात. सगळ्यांत कमी तिखट खाणाऱ्या पाहुण्याला झेपेल एवढंच तिखट घाला आणि झणझणीत खाणाऱ्यांसाठी ठेच्याची वाटी ठेवा.

भांडं आणि शेगडी

सव्वा किलो तांदूळ भाजीसकट शिजून साडेपाच लिटरच्या घरात जागा घेतो. ढवळायला जागा हवी, म्हणून नऊ-दहा लिटरचं, जाड बुडाचं, रुंद पातेलं लागतं. उंच आणि अरुंद पातेलं घेऊच नका. त्यात खालच्या शितावर वरच्या सगळ्या भाताचा भार येतो. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण घरच्या लहान पातेल्यापुरती खरी आहे. मोठ्या पातेल्यात वरचं शीत कच्चं, मधलं बरोबर आणि तळाचं मऊ असू शकतं. परीक्षा करायचीच तर उलथन्याने कडेने खालपर्यंत जाऊन शीत काढा.

खरं सांगायचं तर घरगुती गॅसवर मी आता एक मोठं पातेलं चढवतच नाही. दोन मध्यम पातेली, दोन शेगड्या, प्रत्येकात निम्मं. घरच्या शेगडीची आच तेवढीच असते, पातेलं मोठं झालं म्हणून ती मोठी होत नाही. अडीच लिटर थंड पाणी भातावर ओतलं तर उकळी यायलाच एवढा वेळ लागतो की तांदूळ आधीच फुगून फुटायला लागतो. पाणी दुसरीकडे उकळून कडकडीत आधणच घाला. दोन पातेल्यांत केलं तर वाफ थोडी जास्त जाते, एखादी वाटी पाणी वाढवा. मी सतराच्या अठरा करते.

वेळ? उकळी यायला जास्त लागतो, पण त्यानंतर शीत शिजायला तेवढाच, पंधरा ते अठरा मिनिटं. पाचपट तांदूळ म्हणून पाचपट वेळ नाही. उलट गॅस थोडा आधी बंद करायचा. शीत दाबल्यावर आत बारीक कणी लागत असतानाच आच बंद, पातेल्याखाली तवा, वर झाकण आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. एवढा ऐवज आतल्या आत शिजत राहतो.

कुकरचंही असंच. शिट्ट्या माणसांवर अवलंबून नसतात. डाळ चौपट घेतली तरी शिट्ट्या तेवढ्याच, पहिली शिट्टी उशिरा येते इतकंच. मात्र डाळ-तांदळासारखं फेसाळणारं काही असेल तर कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका, बाकी पदार्थांना दोनतृतीयांश. चौपट डाळ बसत नसेल तर दोनदा लावा.

काही पदार्थ वाढवायचेच नसतात, पुन्हा करायचे असतात

साबुदाण्याची खिचडी हे त्याचं ठळक उदाहरण. पाव किलोची मोकळी होते, अर्ध्या किलोची जमते, आणि किलोभर एका कढईत घातली की तिचा एक मोठा गोळा होतो. कढईच्या बुडाला लागतात तेवढेच दाणे परतले जातात, बाकीचे वाफेत चिकट होतात. अर्ध्या किलोचे दोन घाणे करा. पोह्यांचंही तेच. कांदाही एकदम दीड किलो टाकला तर परतला न जाता स्वतःच्या पाण्यात शिजतो. त्याला रंग येत नाही, मग तुम्ही तेल वाढवता. दोन वेळा परता.

पुऱ्यांना तर दुसरा मार्गच नाही. किलोभर कणकेच्या साधारण साठ लहान पुऱ्या होतात. चोवीस जणांना दोन किलो भिजवावी लागेल, पण कढईतलं तेल तेवढंच. एका वेळी जास्त पुऱ्या सोडल्या की तेल उतरतं आणि पुऱ्या तेल पितात.

चकलीची उकड किलोकिलोने काढा. तीन किलोची एकदम काढली तर शेवटचा गोळा होईपर्यंत वाळते. बेसन लाडवांना आच बंद केल्यावरही मोठी कढई बेसन भाजत राहते, म्हणून रंग हवा त्याच्या अलीकडेच उतरवा आणि परातीत काढा. तिळाच्या लाडवांत अडचण पाकाची नसते, हातांची असते. किलोभर तिळाचा गूळपाक गरम असेतो वळायला चार माणसं हवीत. एकट्याने अर्धा किलोच्या पुढे जाऊ नये.

बासुंदीचा प्रकार अगदी उलटा. तिथे पाणी उडवायचंच आहे, आणि उडतं ते फक्त पृष्ठभागावरून. एक लिटर दूध निम्मं व्हायला ज्या कढईत चाळीस मिनिटं लागतात, त्याच कढईत चार लिटरला अडीच तास मोजा. लवकर हवी असेल तर आच वाढवू नका, कढया वाढवा.

आता कमी करायचं असेल तर

मुलं बाहेरगावी गेली, घरात दोघंच उरली, किंवा परदेशात एकट्याने राहून आईच्या सहा जणांच्या प्रमाणाशी झुंजताय. वाढवण्यापेक्षा हे अवघड, कारण भांडी आणि यंत्रं एका मर्यादेखाली कामच करत नाहीत.

मिक्सरच्या मोठ्या भांड्यात दोन चमचे खोबरं वाटलं जात नाही, ते कडेला जाऊन बसतं आणि पातं हवेत फिरतं. वाटण चार दिवसांचं करा, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि रोज एक-दोन खडे काढा. पाव वाटी डाळ पाच लिटरच्या कुकरमध्ये थेट लावू नका. डब्यात लावा, आणि कुकरच्या तळाला नेहमीइतकंच पाणी ठेवा. ते पाणी भांड्याचं आहे, डाळीचं नाही. फोडणी मोठ्या कढईत अर्धा चमचा तेलाची होत नाही, मोहरी करपते. लहान कढलं तिरकं धरून करा आणि आमटीवर ओता.

इडलीचं पीठ लहान पातेल्यात थंडीच्या दिवसांत फुगत नाही, थोडं पीठ पटकन गार होतं. दिवा लावलेल्या ओव्हनमध्ये किंवा गरम पाण्याच्या पातेल्याशेजारी ठेवा.

केकचं प्रमाण निम्मं करायचं तर एक अंडं अर्धं कसं करायचं हा प्रश्न येतो. फेटून वजन करा, कवचाशिवाय साधारण ५० ग्रॅम भरतं, त्यातले २५ घ्या. भांड्याचं गणित व्यासाच्या वर्गावर चालतं. आठ इंची डब्याच्या प्रमाणाचं निम्मं सहा इंची डब्यात जवळपास त्याच उंचीचं होतं, कारण ३६ हे ६४ च्या निम्म्याहून थोडेच जास्त आहेत. तापमान तेच, पण आठ-दहा मिनिटं आधी सुई घालून बघा.

लोणचं मात्र कितीही थोडं करा, मिठाचं वजन पटीप्रमाणेच ठेवा. तिथे मीठ चवीसाठी कमी आणि टिकण्यासाठी जास्त असतं. अर्धा किलो कैरीच्या लोणच्यात "जरा कमीच घालते" म्हटलंत तर वर बुरशी दिसेल.

उरलं तर

मोठं पातेलं जसं उशिरा तापतं तसंच ते उशिरा निवतं. भाताच्या बाबतीत हे धोक्याचं आहे, कारण कोमट भातात तासन्‌तास जंतू वाढत राहतात आणि त्यांतल्या काहींनी सोडलेलं विष भात पुन्हा गरम केला तरी जात नाही. जेवणं आटोपली की उरलेला भात दोन परातींत पसरा, निवला की लहान डब्यांत भरून फ्रिजमध्ये टाका. पातेलंच्या पातेलं फ्रिजमध्ये सरकवलंत तर मधला भात रात्रीपर्यंत कोमट राहील.

आणि झोपण्यापूर्वी, पाय कितीही दुखत असले तरी, वहीत दोन ओळी लिहा. माझ्या वहीत चुलतभावाच्या केळवणाची नोंद अशी आहे: "माणसं २४ (५ मुलं). तांदूळ सव्वा किलो, पाणी १८ वाट्या, दोन पातेली. मीठ ५५ ग्रॅम पुरलं. भात एक डबा उरला. कणीक दोन किलो, कमी पडली, पुऱ्या मुलांनी संपवल्या. श्रीखंड मोजलंच नाही."